लिंडनखालची डबी

येद्लिना गावात कुणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं आणि जाताना हातात काय घेऊन गेलं हे जाणून घ्यायचं असेल तर व्लास्ता पेलिकानोवाला विचारावं, असं सगळे म्हणत. विचारायला मात्र कुणी जात नसे.

व्लास्ताने एकतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर काढली. गाडी यायच्या आधी दांडा खाली करायचा, गेली की वर करायचा, आणि मधल्या वेळात खिडकीतून रुळांकडे बघत बसायचं. पुढे फाटक आपलं आपण पडायला आणि उघडायला लागलं, तेव्हा रेल्वेने एक भिंतीवरचं घड्याळ देऊन तिला घरी पाठवलं. त्यानंतर तीन वर्षांत नवरा गेला, यार्मिल. त्यालाही आता नऊ वर्षं झाली. मुलगी इलोना नॉर्वेत, मासळीच्या कारखान्यात. दर रविवारी सकाळी तिचा फोन येई, बारा मिनिटांचा.

"आई, नीट जेवतेस ना?"

"जेवते."

"बाकी काय?"

बाकी काय असणार? अडुसष्टाव्या वर्षी माणसाकडे बाकी काय उरतं, हे अडतिसाव्या वर्षीच्या पोरीला फोनवर कसं सांगायचं? मग दोघी बर्फाबद्दल बोलत. तिकडे पडला का, इकडे पडला का.

घड्याळ भिंतीला लागलं, पण बघायची सवय काही रेल्वेला परत करता येत नाही. घराची पुढची खिडकी रस्त्यावर उघडत होती. खिडकीच्या चौकटीवर एक जाड उशी, उशीवर दोन कोपरं आणि त्यांच्यावर भार टाकून व्लास्ता. समोर रस्त्यापलीकडे संत यानचं छोटंसं चॅपेल, आत चार माणसं कशीबशी उभी राहतील एवढं. त्याच्या दोन बाजूंना लिंडनची दोन म्हातारी झाडं, मागे ढासळत आलेली दगडी भिंत.

या चॅपेलपाशी पाच वर्षांपासून परकी माणसं येत होती. गाडी थांबवायची, इकडेतिकडे बघायचं, भिंतीमागे जायचं, वाकायचं, खुडबुड करायची आणि चोरासारखं निघून जायचं. देवाला यायचं तर माणूस समोरून येतो, मागून कशाला येईल? व्लास्ताने एक वही सुरू केली. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, माणसाचं वर्णन. 'लाल टोपी, पाय वाकडे, दोनदा वाकला.' दोनदा तिने तालुक्याच्या पोलिसांना फोनही केला. "बाई, भिंतीमागे वाकणं हा गुन्हा नाही," तिकडून उत्तर आलं, आणि मागे कुणीतरी हसल्याचंही ऐकू आलं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी तिने ठरवलं की आता आपणच बघायचं. एका जोडप्याची गाडी वळणापलीकडे गेली तशी ती भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवून आणि कोळशाचा चिमटा घेऊन रस्ता ओलांडून गेली. डाव्या लिंडनच्या मुळाशी भिंतीतला एक दगड जरा जास्तच नीट बसवलेला होता. तो काढला तर आत हिरव्या झाकणाची डबी. नशेचं सामान असणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. चिमट्यात धरून, हात लांब करून, तिने ती घरी आणली आणि सिंकमध्ये ठेवली.

आत निघालं काय? प्लॅस्टिकचं एक बदक, एक गोटी, शिंपला, पेन्सिलीचं थोटूक आणि एक वही. वहीत तारखा, नावं आणि एकेक ओळ.

'आजी पहाऱ्यावर. बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. मिळाली. आभार.'

'खिडकीतल्या घारीमुळे मागच्या वेळी हात हलवत परत गेलो. आज घार जेवायला गेली होती.'

'प्रार्थना करायचं सोंग घेतलं. बाई हलेना. शेवटी खरीच प्रार्थना केली. मग हलली.'

व्लास्ता खुर्चीवर बसली. पाच वर्षं ती ज्यांच्यावर वही लिहीत होती, ते पाच वर्षं तिच्यावर लिहीत होते. तिला आधी राग आला, मग हसू आलं, मग परत राग आला. घार म्हणे! तिने हातमोजे काढले, चष्मा पुसला आणि वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

एक अक्षर बाकीच्यांहून वेगळं होतं. तिरकं, जुन्या शाळेतलं. दरवर्षी एकच नोंद, आणि दरवर्षी दोन नोव्हेंबरलाच, म्हणजे दुशिच्कींच्या दिवशी, जेव्हा सगळा देश फुलं आणि मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांकडे जातो. खाली सही: भेक ४७.

पहिल्या वर्षी: 'मिळाली. झाडाखाली पाव खाल्ला. आता ओतिल्काकडे, कामेनित्सेच्या दफनभूमीत.'

दुसऱ्या वर्षी: 'वाटेत थांबलो. खिडकीतली बाई आहे. दोघांनी मिळून पाव खाल्ला, तिने तिकडे, मी इकडे.'

तिसऱ्या वर्षी: 'आज खिडकीत बाई नाही. तीनदा पाहिलं. आजारी तर नसेल? विचारायचं तरी कुणाला?'

चौथ्या वर्षी: 'आहे! बरं वाटलं.'

आणि गेल्या वर्षी: 'आहे. डोक्याला नवा रुमाल.'

तिसऱ्या वर्षाची ओळ तिने किती वेळा वाचली कोण जाणे. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटी तिचं पित्ताशय काढलं होतं. अकरा दिवस ती यिह्लावाच्या दवाखान्यात होती. परत आली तेव्हा गावात कुणाला पत्ताही नव्हता की ती गेली होती. दारात फक्त वाचनालयाचं एक कार्ड पडलेलं होतं, पुस्तक परत करायची मुदत टळली म्हणून. त्या रात्री ती यार्मिलच्या बाजूच्या गादीवर हात ठेवून रडली होती, आणि आपण मेलो तर आधी वाचनालयालाच कळेल, असं तिच्या मनात आलं होतं. आणि इथे कुणी एक भेक तीनदा मान वर करून बघत होता!

तिने कपाटातून स्वतःची वही काढली. दोन नोव्हेंबर, दरवर्षी: 'करडी फेलिसिया गाडी. चपटी टोपी, म्हातारा. २५ मिनिटं. खातो. संशयास्पद.'

"तू पण ना, व्लास्ता," ती स्वतःला म्हणाली. घरात दुसरं कोण म्हणणार होतं?

बुधवारी वाचनालय उघडलं तशी ती डबी पिशवीत घालून तिथे गेली. स्लावका म्हणजे गावची ग्रंथपाल, चाळिशीची, बोलायला तिखट आणि मनाने लोण्यासारखी. तिने डबी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काकू! तुम्ही केश्का उचलून आणलीत?"

"काय उचलून आणलं?"

"केश्का! हा खेळ आहे, जिओकॅशिंग म्हणतात. जगभर चालतो. कुणीतरी डबी लपवतं, ती कुठे आहे त्याचे आकडे सगळ्यांना देतं. बाकीचे येऊन शोधतात, वहीत नाव लिहितात आणि होती तशी परत ठेवतात. परत ठेवतात, काकू! सिंकमध्ये नाही ठेवत!" तिने संगणकावर काहीतरी उघडलं. "बघा, पाच दिवसांत तिघं हात हलवत गेलेत. एकानं लिहिलंय, 'चोरीला गेली वाटतं.' अजून दोघांना मिळाली नाही तर ही डबी यादीतून काढून टाकतील. मग इथे काळं कुत्रं फिरकणार नाही."

व्लास्ताने डबी जवळ ओढली. डबी गेली म्हणजे भेकाला थांबायचं कारण गेलं. दोन नोव्हेंबरला तो सरळ कामेनित्सेला निघून जाईल.

"हा भेक सत्तेचाळीस कोण? याला पत्र टाकता येईल का?"

स्लावकाने शोधून पाहिलं. त्या नावाचं कुणी नव्हतं. "कागदावरच लिहिणारा आहे. असतात अशी जुनी खोडं. याला गाठायचं तर त्या वहीशिवाय दुसरी वाट नाही."

त्याच संध्याकाळी व्लास्ताने डबी धुऊन, पुसून, जागच्या जागी ठेवली आणि दगड आधीसारखाच नीट बसवला. वहीत काहीतरी लिहावं असं फार मनात आलं, पण आपल्या पापाची डबी, तिच्यावर आपणच सही कशी करायची? तिने ठरवलं की दोन नोव्हेंबरला त्या माणसाला भेटायचं. रस्ता ओलांडायचा आणि नमस्कार म्हणायचं. एवढंच. पण फाटकाच्या एकाच बाजूला आयुष्य काढलेल्या बाईला रस्ता ओलांडणं किती अवघड, ते तिलाच माहीत. नुसती खिडकीतली बाई म्हणून जायचं नाही, त्यांच्यातली एक होऊन जायचं, असं तिने मनाशी धरलं.

इलोनाने पाठवलेला जुना फोन होताच. स्लावकाने त्यात खेळ बसवून दिला आणि नाव विचारलं. "फाटकवाली," व्लास्ता म्हणाली.

पहिल्याच दिवशी फाटकवालीची फजिती झाली. फोनमधला बाण जिकडे दाखवतो तिकडे जायचं, एवढं तिला समजलं होतं, आणि रेल्वेची माणसं सरळच जातात. तेव्हा ती खाजकुयल्या तुडवत, कुंपणाखालून वाकून, थेट तळ्याच्या चिखलात घोट्यापर्यंत उतरली. पायवाट दहा पावलांवर होती. दुसऱ्या दिवशी तिने एका बाकाभोवती दीड तास घिरट्या घातल्या, बाण कधी इकडे वळे, कधी तिकडे. काखेत कळसा नि गावाला वळसा. डबी ज्या बाकावर बसून ती दम खात होती, त्याच्याच खाली लोहचुंबकाने चिकटलेली होती, हे तिला स्लावकाने नंतर सांगितलं.

"काकू, बाण तुम्हाला दहा पावलांपर्यंत नेतो आणि सोडून देतो," स्लावका म्हणाली. "पुढे फोन खिशात घालायचा आणि डोळे वापरायचे. तिथे जे जरा जास्त नीटनेटकं दिसेल, जे आपोआप तसं होणार नाही, ते बघायचं."

डोळे वापरायला तिला कुणी शिकवायला नको होतं. निळ्या खुणांच्या पायवाटेवर, कामेनित्सेच्या बाजूला, एका फरच्या झाडाच्या मुळाशी काटक्यांचा ढीग सगळ्या काटक्या एकाच दिशेला करून ठेवलेला तिने लांबूनच पाहिला. आत अंगठ्याएवढी नळी, नळीत कागदाची सुरळी. पहिली डबी! व्लास्ता एकटीच जंगलात "अगं बाई!" म्हणून ओरडली. मग लक्षात आलं की पेन्सिल आणलेलीच नाही. शेवटी एल्डरची काळी फळं चुरगाळून काडीने तिने नाव लिहिलं. जांभळं, ओघळलेलं, पण स्वतःचं.

ऑक्टोबर संपेपर्यंत तिने चौदा डब्या शोधल्या. पुलाखाली, दगडांच्या खाणीत, पडक्या गिरणीच्या भिंतीत. दर ठिकाणी बसून ती चीज-पाव खाई आणि वहीत लिही, की आज धुकं होतं, की कंबर दुखते, की यार्मिलला इथले मश्रूम फार आवडायचे. "काकू, तिथे नाव लिहायचं असतं, पत्र नाही," स्लावकाने एकदा हळूच सांगितलं. व्लास्ता ओशाळली. त्यानंतर तिने फक्त नाव लिहिलं. पण खरं सांगायचं तर हा खेळ तिला जिव्हारी लागला होता. दर डबीत पन्नास-शंभर माणसांची नावं, आणि डबीपाशी कुणी कधी नाही. सगळे येऊन गेलेले, नाहीतर अजून यायचे. दोन महिने ती जंगलात माणसांच्या मागे फिरली आणि एकही भेटलं नाही.

एकच बाई भेटली, तीही भलत्या वेळी. गिरणीपाशी व्लास्ता भिंतीत हात घालून उभी असताना मश्रूमची टोपली घेतलेली एक बाई येऊन थांबली आणि टक लावून बघत राहिली. जागची हलेना. व्लास्ताने नाडी बांधायचं नाटक केलं. तिच्या बुटाला नाडी नव्हती, चेन होती. कानापर्यंत लाल होऊन ती तशीच परत गेली. शोधणाऱ्यावर नजर रोखून बसणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. पाच वर्षं आपण हेच करत आलो! 'खेळणाऱ्याला निवांतपणे शोधू द्यावं' हा स्लावकाने सांगितलेला पहिला नियम तिने अगदी मनावर घेतला. नवा मुल्ला जोरात बांग देतो, तशी गत.

दोन नोव्हेंबरला रविवार होता. तिने इलोनाशी सातव्या मिनिटालाच बोलणं आवरलं.

"आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे गं. पाहुणे यायचेत."

"पाहुणे? तुझ्याकडे?"

खसखशीचं सारण भरलेले बारा गोल पाव भाजून तिने ताटात मांडले. नवा रुमाल बांधला. सगळं मनात आखून ठेवलेलं होतं. माणूस येईल, दगड काढेल, वहीत लिहील, मग झाडाखाली बसून डबा उघडेल. तेव्हा आपण ताट घेऊन जायचं. तोवर त्याला आपली नजर लागता कामा नये. म्हणून तिने उशी आत घेतली, खिडकी लावली आणि जाड पडदे ओढून घेतले. डोकावायचा मोह नको म्हणून स्वयंपाकघरात, दाराआड, कोट घालून बसली.

दोनच्या सुमारास गाडीचा आवाज आला. फेलिसियाच. दार उघडल्याचं, लागल्याचं तिने ऐकलं. अंडी उकडताना लावायचं गजराचं घड्याळ तिने पंधरा मिनिटांवर लावलं. पंचवीस मिनिटं तो थांबतो, हे तिच्याच वहीत होतं. घड्याळ टिकटिकत होतं आणि व्लास्ता ताट धरून बसली होती. पहिलं वाक्य काय म्हणायचं? नमस्कार, मी समोरची. नमस्कार, मी ती घार.

घड्याळात अजून सहा मिनिटं असताना गाडी सुरू झाली.

ती ताट टेबलावर आदळून धावली. कुलूप, दार, अंगण, फाटक. वळणावर गाडीचे लाल दिवे दिसले आणि गेले. हात वर करून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. कुणाला हाक मारायची? नाव तरी कुठे माहीत होतं?

चॅपेलच्या पायरीवर झाकण असलेल्या लाल पेल्यात एक मेणबत्ती जळत होती. थडग्यांवर लावतात तसली. इथे कुणाचं थडगं नाही. व्लास्ताला काही समजेना. तिने दगड काढला, डबी उघडली, वही काढली. तिरकी अक्षरं अजून ओली चमकत होती.

'खिडकी बंद. पडदे ओढलेले. उशीही नाही. मागे एकदाच नव्हती ती, तेव्हा पडदे तरी उघडे होते. तर गेली म्हणायची. नाव कधी कळलं नाही. एक मेणबत्ती जास्तीची होती, ती तिच्यासाठी लावली. आता इथे थांबण्यात अर्थ नाही. भेक ४७.'

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाईने सभ्यपणा केला आणि मरून बसली!

व्लास्ता पायरीवर, स्वतःच्या मेणबत्तीशेजारी बसली. आधी तिला वाटलं, कुणीतरी आपल्यासाठी मेणबत्ती लावली. खरंच लावली. आपण गेल्यावर ही कोण लावणार, याची तिला नऊ वर्षं चिंता होती. इलोना नॉर्वेतून येणार होती थोडीच. आणि मग तिला शेवटची ओळ पुन्हा दिसली. आता तो थांबणार नाही. पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. या वहीत आपण काहीही लिहिलं तरी वाचायला तो येणार नाही. जगात आपली आठवण ठेवणारा एक माणूस होता, त्याला आपणच पडदा ओढून घालवला.

रविवारी बस नव्हती. पण निळ्या खुणांची पायवाट होती, जंगलातून तीन किलोमीटर, आणि या दोन महिन्यांत तिला तिच्यावरचा दगड न् दगड पाठ झाला होता. मेणबत्ती तिथेच ठेवून जावी की विझवावी? विझवायला काही तिचा हात धजेना, स्वतःच्या नावाची मेणबत्ती कोण विझवेल? तिने घरातून इनॅमलची दुधाची किटली आणली, जळता पेला आत उतरवला आणि निघाली. धापा टाकत, कंबर धरत, हातात उजळलेली किटली घेऊन. वाटेत एक कुटुंब समोरून आलं. त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली आणि काही विचारलं नाही.

कामेनित्सेच्या दफनभूमीबाहेर गाड्या लागल्या होत्या. करड्या फेलिसिया दोन होत्या, पण नंबर तिला तोंडपाठ होता. आहे! आत शेवंतीच्या फुलांचा वास, शेकडो दिवे आणि घोळक्याघोळक्याने उभी माणसं. टोप्या सगळ्यांच्याच डोक्यावर. व्लास्ता पहिल्या रांगेपाशीच थांबली आणि नुसती बघत राहिली. सगळे दोघं-चौघं मिळून उभे होते. भिंतीकडेला एकच जण एकटा होता, पालथ्या बादलीवर बसून पाव खात.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. थडग्यावर ओतिल्का हे नाव होतं.

"नमस्कार. तुम्ही भेक ना?"

म्हाताऱ्याने चावणं थांबवलं. "कोण विचारतंय?"

व्लास्ताने किटलीतून पेला काढून त्याच्यापुढे धरला. ज्योत अजून होती. "ही तुमची मेणबत्ती. परत घ्या. मी अजून आहे."

त्याने मेणबत्तीकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"खिडकीतली बाई!"

"व्लास्ता पेलिकानोवा."

"अहो, मग खिडकी का बंद ठेवलीत?" तो उठला, बादली गडगडत गेली. "आजच्या दिवशी? दुशिच्कींच्या दिवशी कुणी पडदे ओढून बसतं का? माणसानं काय समजायचं? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मी, रडत गाडी चालवली! वळणावर ट्रॅक्टरला धडकणार होतो, कळतंय का? काय करत होतात आत?"

"तुमची वाट बघत होते."

"पडद्याआड?"

"शोधताना कुणी बघितलं की संकोच होतो. तसा नियम आहे. तुम्हाला निवांतपणे शोधता यावं म्हणून..."

"शोधता? काय शोधायचं? पाच वर्षं मला ठाऊक आहे डबी कुठल्या दगडामागे आहे ते! मी काय डबीसाठी येत होतो?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी "शू!" केलं, दफनभूमीत आवाज चढवू नये म्हणून. म्हाताऱ्याला भान नव्हतं. तो हात हलवून बोलत होता, बेजबाबदारपणा म्हणत होता, या वयात अक्कल हवी म्हणत होता, आणि मधूनच टोपीने डोळे पुसत होता. व्लास्ता मान खाली घालून ऐकत होती. यार्मिल गेल्यापासून तिच्यावर कुणी ओरडलं नव्हतं. ओरडावं इतकं कुणाचं तिच्यावाचून अडलंच नव्हतं. मेणबत्तीचा पेला तिने दोन्ही हातांत धरला होता, तो गरम लागत होता, आणि त्याने एवढ्यात थांबू नये असं तिला वाटत होतं.